चेरी-जर्दाळू घुसळण मोहीम, मुक्काम ओल्टन

सकल रहिवाशांस व त्यांच्या वंशजांस ठाऊक असावे म्हणोन लिहिले जाते ऐसे की, राजमान्य राजेश्री आलोइसराव झुमस्टाइन, शांतताधुरंधर, पाटीबहाद्दर, किल्लेदार मजला दुसरा, मुक्काम ओल्टन, मुलूख स्वित्झर्लंड, यांनी उन्हाळ्यातील एके रविवारी ताजी फळे घुसळोन स्मूदी सिद्ध करण्याची जी मोहीम मांडिली, तीत प्रसंग कैसे पडले, इभ्रत कैशी पणास लागली आणि फत्ते कैशी जाहली, ते यथास्थित निवेदन केले आहे. पदरचे काही घातले नाही. थोडे घातले असेल तर ते शोभेपुरते.

आलोइसराव रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीतून निवृत्त जाहलेले आणि पत्नी मार्ग्रिटबाई देवाघरी गेल्यापासोन पाव, चीज व थंड सॉसेज यांवर गुजराण करणारे. रविवारी त्या मुलखात आवाज होऊ नये म्हणोन कोणी भिंतीस भोक पाडीत नाही, धुण्याचे यंत्र लावीत नाही, रिकामी बाटलीही काच गोळा करण्याच्या पेटीत टाकीत नाही, हा दस्तूर सर्वत्रच आहे. परंतु आलोइसरावांनी त्यास ऐसी धार लाविली की, धुण्याच्या खोलीबाहेर त्यांच्या सहीच्या पाट्या झळकत, आणि वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी खासे आलोइसराव झाडूचा दांडा घेवोन छतास ठोठावीत. सारी इमारत आपल्या धाकात आहे, हा त्यांचा पक्का समज होता. समजाचे काय, तो कोणीही बाळगावा.

ऐसे असता डाक्तरांनी रक्त तपासोन कळविले की, हुजुरांच्या शरीरात फळफळावळीचा अंश म्हणोन नाही. ते वर्तमान बेर्न शहरी कन्या रेगुलाबाईंस पोहोचले आणि मग टेलिफोनवरोन फर्मान सुटले की, येत्या रविवारी दोन प्रहरी आम्ही जातीने येतो, तेव्हां ताज्या फळांची स्मूदी घरी केलेली दिसावी. नपेक्षां वृद्धाश्रमातील एक खोली आम्ही धरून ठेविली आहे, शरद ऋतू लागताच तेथे मुक्काम हलवावा.  ज्या घरात मार्ग्रिटबाईंसह अवघा संसार जाहला, ते सोडोन परक्या छताखाली मरण्याची आलोइसरावांस मनापासोन भीती वाटत असे, आणि ही गोष्ट त्यांनी कोणापाशी काढिली नव्हती, कारण काढावी ऐसे कोणी उरलेच नव्हते. पुढील बोलणे जैसे जाहले तैसेच उतरविले आहे.

“पप्पा, नाताळात दिलेला मिक्सर अजून खोक्यातच आहे ना? खरं सांगा.”

“खोक्यात नीट राहतो तो.”

“म्हणजे मीच तुम्हाला एखाद्या खोक्यात ठेवायची वेळ आणू नका. रविवारी येते. चालेल ना?”

“चालेल,” हुजूर म्हणाले, आणि येथेच घात जाहला.

शनिवारी बाजारात स्वारी करोन काळ्या चेरी, वाले नामक प्रांतीचे जर्दाळू, केळी आणि दही ऐसी रसद आणिली. रविवारी प्रातःकाळी न्याहारी आटोपोन कचेरीतील कागदाची क्लिप वाकवोन तिच्या टोकाने चेरींच्या आठळ्या काढिल्या, आणि त्या कामी सदरा, भिंत व चष्मा रक्तबंबाळ दिसो लागले. मग मिक्सर नामक तोफ खोक्याबाहेर काढिली, फळे ठासोन भरली, झाकण घट्ट बसविले, बटणावर बोट ठेविले, आणि ते तैसेच राहिले. आज रविवार. कन्येशी कौलकरार करिताना हा वार त्यांच्या ध्यानीच आला नव्हता, कारण इतकी वर्षे तो नियम दुसऱ्यांकरिता होता.

निकड भारी, सबब तोफेवर हिवाळी दुलई पांघरोन हुजुरांनी बटण क्षणभर दाबिले. दुलईतून ऐसा चीत्कार उठला की हुजूर भिंतीस पाठ लावोन उभे राहिले आणि आता कोणीतरी ठोठावील म्हणोन वाट पाहो लागले. परंतु त्या इमारतीत झाडूने ठोठावणारा इसम एकच होता, आणि तो भिंतीस पाठ लावोन उभा होता.

तेव्हां एकट्यानेच खलबत करोन मसलत ठरविली. अणुयुद्ध जाहल्यास रयतेने लपावे म्हणोन त्या मुलखात घराखाली काँक्रीटचे भुयार बांधण्याचा रिवाज आहे. युद्ध होत नाही सबब लोक तेथे दारू आणि सफरचंदे ठेवितात. त्याचा दरवाजा ऐसा जाड की आत तोफ डागिली तरी बाहेर कानोकान खबर लागो नये. गुडघे दुखत म्हणोन हुजूर तेथे बहुत वर्षांत उतरले नव्हते. जे आणावयाचे ते मार्ग्रिटबाई आणीत. मग मिक्सर, फळे व दही धुण्याच्या टोपलीत घालोन, वर टॉवेल झाकोन, कठडा धरीत धरीत, चोराने घर सोडावे तैसे शांतताधुरंधर जिना उतरले आणि दरवाजाची मूठ दोन्ही हातांनी फिरविली.

दरवाजा उघडताच आतून जो कल्लोळ आला तो काय वर्णावा. वरच्या मजल्यावरील इमबोडनबाई गाल फुगवोन ट्रॉम्बोन नामक पितळी तुतारी फुंकीत होत्या, कारण कार्निव्हलच्या वाजंत्रीपथकात त्यांचे नाव होते. आणि तळमजल्याचे बायरामी हे फळीस ड्रिलने भोके पाडीत होते. हुजुरांस पाहोन दोन्ही शस्त्रे एकदम थांबली. बायरामींनी ड्रिल पाठीमागे लपविले.

“हेर झुमस्टाइन,” बायरामी म्हणाले (त्या मुलखी ‘हेर’ म्हणजे राव), “आम्ही आत्ताच आलो. म्हणजे, निघालोच होतो.”

इमबोडनबाईंची नजर टोपलीवर गेली. “टॉवेलखाली काय आहे?”

“कपडे,” हुजूर म्हणाले.

“रविवारी? आणि कपड्यांना वायर असते होय?”

टॉवेल उचलला गेला आणि हुजुरांची इभ्रत धुळीस मिळाली. नाइलाजास्तव त्यांनी कन्येचे फर्मान, खोली, शरद ऋतू, सर्व सांगोन टाकिले.  ते ऐकोन बाई कोपऱ्यातील विजेची एक जुनी जोडतार ओढोन घेवोन आल्या.

“ह्यात लावा. हा जोड मार्ग्रिटचा. तिच्या शिलाई मशीनचा.”

“मशीन तिनं विकलं,” हुजूर म्हणाले.

“विकलं? ते काय, चादरीखाली. दर रविवारी यायची. ही जागा आम्हाला दाखवली तिनंच.”

दर रविवारी जेवणानंतर मार्ग्रिटबाई सफरचंदे आणावयास म्हणोन जात आणि घटका दीड घटकेने येत, आणि निवड चांगली करिते म्हणोन आलोइसराव त्यांचे मनातल्या मनात कौतुक करीत. पडद्यांचा संच, नातवंडांची दुपटी, हुजुरांचे स्वतःचे सदरे, सारे या भुयारात शिवले गेले होते. धन्याचा अंमल वरती होता आणि घर खाली चालत होते. आलोइसरावांनी चादरीवर हात ठेविला, मग टोपलीतून मिक्सर काढोन त्या तारेस जोडिला. 

बायरामींनी भांड्यात डोकावोन पाहिले. “फळं आधी भरलीत? मग पातं नुसतं हवेत फिरणार. दही खाली हवं.” त्याप्रमाणे फौजेची मांडणी फिरविली, दही आघाडीस, जर्दाळू व केळी मधल्या फळीत, चेरी पिछाडीस, आणि मग आलोइसरावांनी बटण दाबिले व दाबोनच ठेविले. इमबोडनबाई म्हणाल्या, आता गप्प का बसावे, आणि ट्रॉम्बोन सुरू केला, ड्रिलही गरजले. त्या गदारोळात हुजूर ओरडोन बाईंस सांगू लागले की, तुमचा ठेका मागे पडतो, वेळापत्रक पाळा.

इतक्यात रेगुलाबाई दरवाजात उभ्या. दुसरा मजला रिकामा पाहोन त्या शेजारीपाजारी न विचारता थेट खाली आल्या होत्या. हाती पेला दिला तो त्यांनी एका दमात निम्मा केला, एक आठळी दाताखाली आली ती मुकाट्याने रुमालात टिपली, आणि मग चेरीने माखलेल्या बापास न्याहाळीत राहिल्या. मार्ग्रिटबाई गेल्यापासोन हुजुरांचा इतका मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

“तुला ही जागा माहीत होती?” हुजुरांनी विचारिले.

“मी ढोल इथंच शिकले, पप्पा.”

“आणि मला कोणीच कसं सांगितलं नाही? तुझ्या आईनंसुद्धा?”

“तुम्ही पाटी लावली असती.”

 रेगुलाबाई जिन्यात गेल्या, कारण जाड भिंतींतून टेलिफोन लागत नाही, आणि वृद्धाश्रमाच्या यंत्रावर निरोप ठेविला की, खोली दुसऱ्या कोणास द्यावी. मग परत येवोन त्यांनी पेला पुढे केला. येणेप्रमाणे मजला दुसरा मूळ किल्लेदाराकडेच कायम जाहला. शत्रूकडील नुकसान काही नाही, आपल्याकडील एक सदरा कामास आला. मार्ग्रिटबाईंच्या मशीनशेजारी मिक्सराची जागा मुक्रर जाहली, आणि रविवारी दोन प्रहरी आलोइसराव दुसऱ्या मजल्यावर सापडत नाहीत, याची सर्वांनी नोंद घ्यावी.