सीटचा दांडा, वाढत्या मापाचा

शुक्रवारी दुपारी ऑफिसमधून लवकर निघताना मी मॅनेजरला छातीठोकपणे सांगितलं, "सायकलच्या सीटखालचा एक दांडा बदलायचाय. अर्ध्या तासाचं काम! मी मूळचा मेकॅनिकल इंजिनियर आहे." यात खोटं काहीच नव्हतं. माझ्याकडे पुण्याची पदवी आहे आणि ती फ्रेम करून लावलेली आहे. पदवी मिळाल्यापासून मी फक्त कॉम्प्युटरसमोर बसलोय आणि पाना हातात धरलाच असेल तर तो शेजाऱ्याला परत करण्यापुरता, एवढं सगळं मॅनेजरला सांगायची गरज मला वाटली नाही.

आता दांडा कसला ते सांगतो. आमची लेक सलोनी एकचाकी सायकल चालवते. एक चाक, चाकावर दांडा, दांड्यावर सीट, बस्स! हँडल नाही, ब्रेक नाही, मागचं चाक नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, उरलेली सायकल चोरीला गेली!

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आलो तेव्हा सलोनी तिसरीत होती. इंग्रजी कळायचं, पण बोलायची हिंमत व्हायची नाही. वर्षभर पोरीने वर्गात तोंड उघडलं नाही. मग हिवाळ्यात शाळेच्या जिममध्ये हा एकचाकीचा क्लब सुरू झाला. बाहेर बर्फाचे ढीग, आत मुलं भिंतीला धरून चाकावर उभी राहायला शिकतायत! भिंतीशी इंग्रजी बोलावं लागत नाही, म्हणून सलोनी रमली. पडली, उठली, पुन्हा पडली, आणि एके दिवशी तिने भिंत सोडली. मी तिथे होतो. ती जिमच्या मधोमध, कशालाही न धरता, नुसत्या हवेत बसल्यासारखी पुढे गेली! माणसं दोन पायांवर चालतात याचं तेव्हापासून मला काही कौतुकच उरलेलं नाही.

तर शनिवारी गावची परेड होती. क्लबची मुलं हातात हात धरून रस्त्यावर मोठं रिंगण करणार आणि ते रिंगण गोल फिरवत पुढे नेणार. सलोनीला पहिल्यांदाच रिंगणात घेतलं होतं. सगळ्यांत लहान तीच. आणि गुरुवारी आमच्या ड्राइव्हवेवर ती आपटली आणि सीटखालचा दांडा काकडीसारखा वाकला.

क्लबच्या कोच मिसेस लिंडग्रेन फोनवर फार गोड बोलल्या. पण बोलल्या ते असं, की शनिवारी नऊपर्यंत सायकल धड असेल तर उत्तम, नाहीतर रिंगणात दुसरी मुलगी घ्यावी लागेल. परेडचा लाल टी-शर्ट खुर्चीवर काढून ठेवला होता, तो सलोनीने घडी करून परत कपाटात ठेवला.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "बाबा मेकॅनिकल इंजिनियर आहे. डाव्या हातचा मळ!"

"बाबा, कोच म्हणाली, टेक द ओल्ड वन टू द शॉप," सलोनी म्हणाली.

जुना दांडा दुकानात न्यायचा? डॉक्टर काय पेशंटचं हाड खिशात घेऊन औषध आणायला जातो? मी वितीने आणि बोटांनी माप घेतलं आणि निघालो.

दुकानात शिरलो आणि दारातच थबकलो. अख्खी भिंत सीटच्या दांड्यांची! काळे, रुपेरी, स्टीलचे, ॲल्युमिनियमचे. एक तर असा, की हातात घेतला तर पापडाएवढं वजन! आमच्या लहानपणी सायकलच्या दुकानात दांडा म्हणजे दांडा असायचा. बसला तर बसला, नाहीतर दुकानदार ठोकून बसवायचा. इथे दोन दांड्यांच्या जाडीत केसाएवढा फरक आणि त्या केसाएवढ्या फरकाला वेगळा नंबर! देवळात गेल्यासारखा मी त्या भिंतीपुढे उभा होतो. चप्पल काढावीशी वाटत होती.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "हाऊ थिक? हाऊ लाँग?"

मी जरा जाडच निवडला. जाड म्हणजे मजबूत, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. आणि निवडला तो सगळ्यांत लांब. का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. वाढतं अंग! माझी शाळेची चड्डी नेहमी गुडघ्याखाली यायची. बुटांच्या टोकात कापूस भरलेला असायचा. माझा लग्नाचा सूटसुद्धा आईने शिंप्याला 'जरा वाढत्या मापाचा' सांगून शिवला होता, आणि अंगाला तो आत्ता कुठे बसायला लागलाय.

"चालवणारं मूल लहान असेल तर लांब होईल," बाई म्हणाल्या. "वी कॅन कट इट फॉर यू. टेक्स अ मिनिट."

कट? नवीकोरी वस्तू कापायची? आमच्याकडे फ्रॉक लांब झाला तर दुमडून टीप मारतात, पुढच्या वर्षी उसवतात. कापत नाहीत! मी बाईंकडे दयेने पाहिलं, "नो, थँक यू," म्हणालो, आणि तो दांडा खांद्यावर टाकून विजयी वीरासारखा घरी आलो.

"हा सीटचा दांडा आहे की झेंड्याची काठी?" कांचन, म्हणजे आमची सौ., दारातच म्हणाली.

"वाढत्या मापाचा आणलाय. वरून लांब असला तर आत जास्त ढकलायचा, झालं!"

पण तो आत जाईना. जाड निवडला होता ना! मग मी उल्हासला फोन केला. उल्हास नागपूरचा, दोन गल्ल्या सोडून राहतो. तोही मेकॅनिकल इंजिनियर आणि तोही जन्मभर पगाराची सॉफ्टवेअर्स लिहितो. म्हणजे आता त्या दांड्याला दोन इंजिनियर झाले.

"काही टेन्शन नको घेऊ यार," उल्हास म्हणाला. "ठोकून घालू ना बे!"

हातोडी नव्हती. कांचनने भारतातून आणलेल्या खलबत्त्यातला पितळी बत्ता होता. दांड्याला इजा होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर पोळपाट ठेवला. उल्हासने सायकल धरली, मी बत्ता हाणला. ठण्ण! समोरचा शेजारी गवत कापायचं मशीन बंद करून बघत उभा राहिला. ठण्ण! दांडा सरकला. ठण्ण!

"थांब, थांब!" उल्हास ओरडला. "खाली टायर आहे!"

वाकून पाहिलं तर खरंच! दांड्याचं खालचं टोक टायरच्या अगदी डोक्यावर आलं होतं. आणखी ठोकला तर तो टायरवर टेकणार आणि चाक फिरायचंच बंद होणार. दुचाकीत दांड्याला खाली जायला जागा असते, एकचाकीत दांड्याखाली थेट चाक! कापायचं कशासाठी असतं ते मला तेव्हा कळलं.

सीट लावली. सलोनीला वर चढवलं. तिचे पाय लोंबकळत राहिले. पेडल खाली, पाय वर आणि मधे माझी दूरदृष्टी!

"काढ बाहेर, कापून आणू," कांचन म्हणाली.

दांडा बाहेर निघेना. उल्हासने चाक धरलं, मी सीट धरली आणि आम्ही ड्राइव्हवेवर रस्सीखेच सुरू केली. खोबरेल तेल घातलं. साबण लावला. गरम पाणी ओतलं. दांडा घरजावयासारखा ठाण मांडून बसला. तेलाने आमचेच हात निसटले आणि उल्हास गवतात उताणा पडला. शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या. तोवर दुकान बंद झालं होतं आणि उघडणार होतं ते दुसऱ्या दिवशी दहाला.

कांचन कमरेवर हात ठेवून उभी होती. "वाढत्या मापाचा आणलास ना? मग आता सकाळपर्यंत पोरगी वाढव!"

सलोनी खाली बघत म्हणाली, "बाबा, आय ॲम नॉट गोइंग टू ग्रो बाय नाइन." आणि तिने बाहीने डोळे पुसले. मला त्या बत्त्याने स्वतःच्या डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं. तिला त्या रिंगणात किती जायचं होतं ते मला ठाऊक होतं. भिंत सोडल्यावर तिला धरायला मिळालेले ते पहिले हात होते!

कांचनने पेडल आणि सलोनीचा पाय यांच्यामधली जागा बोटांनी मोजली. चार बोटं. मग ती आत गेली आणि हातात सँडल घेऊन आली. भावाच्या लग्नासाठी लक्ष्मी रोडवर घेतलेल्या, विटेएवढ्या जाड तळाच्या! एकदाच घातल्या होत्या, त्यातही पाय मुरगळला होता.

"सीट खाली येत नाही ना? मग पाय लांब करू," ती म्हणाली. पुढे कापूस भरला, परकराच्या नाड्या काढल्या आणि सलोनीच्या पायाला सँडल अशा बांधल्या की घोट्यापर्यंत नुसत्या नाड्याच नाड्या.

पहिल्यांदा सलोनी पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा ती ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली! घरात पदवी माझ्याकडे आणि इंजिनियरिंग कांचनकडे! मी आणि उल्हास तेलकट हातांनी बघत राहिलो.

सकाळी मिसेस लिंडग्रेननी ते पाय पाहिले. "उफ्फ डा!" त्या म्हणाल्या. मिनेसोटात फार नवल वाटलं किंवा फार धक्का बसला की असं म्हणतात. हे कुठलं होतं ते कळेना. "त्या मेलबॉक्सपर्यंत जाऊन ये," त्यांनी सलोनीला सांगितलं. सलोनी गेली आणि आली. मिसेस लिंडग्रेन हसल्या. "यू आर इन, टॉल गर्ल."

परेड निघाली. पुढे बँड, मग फायरब्रिगेड, मग लाल टी-शर्टवाली पोरं. आणि ते रिंगण! चाकं एकाच वेळी वळत होती, एकाच वेळी थांबत होती. कुणाचा पाय जमिनीला नाही, नुसते एकमेकांचे हात! सगळ्यांत लहान आमची सलोनी सगळ्यांच्या वर दिसत होती. मी फुटपाथवरून बरोबरीने धावत होतो. हातात बत्ता होता. दांडा हललाच तर हाताशी असावा म्हणून.

आणि मला दिसली ती नाडी. डाव्या सँडलची नाडी सुटून चाकाशेजारी फडफडत होती!

"सलोनी, थांब! मी आलो!" ओरडत, बत्ता उगारून, मी रस्त्यात उडी घेतली.

दोन पावलं गेलो असेन. खांद्यावर पोलिसाचा हात पडला. "सर? सर! व्हॉट इज दॅट?"

"इट इज फॉर जिंजर अँड गार्लिक," मी म्हणालो.

त्याने बत्त्याकडे पाहिलं. "अँड टुडे?"

"टुडे इट इज फॉर माय डॉटर!"

याने माझी बाजू फारशी बळकट झाली नाही. मागून उल्हास धावत आला. "ऑफिसर, ही इज अ मेकॅनिकल इंजिनियर!" यानेही झाली नाही. पोलिसाने अत्यंत सौजन्याने बत्ता काढून घेतला आणि मला कडेला उभं करून ठेवलं. मला फक्त बघता येत होतं.

म्हणून मी बघितलं. सलोनीलाही नाडी दिसली होती. आणि जी पोरगी वर्षभर वर्गात बोलली नव्हती, ती अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "एव्हरीबडी, होल्ड! होल्ड माय आर्म!" रिंगण थांबलं. सगळी पोरं जागच्या जागी चाकं मागेपुढे झुलवत राहिली. शेजारच्या दोघांनी तिचे दंड धरले. तिने एक हात सोडवला, पाय वर आला तेव्हा पटकन वाकली आणि नाडी मोज्यात खोचली! मग दोन्ही फुटपाथ उभे राहिले! पोलीससुद्धा टाळ्या वाजवत होता, बत्ता काखेत धरून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एका चाकावर, लग्नाच्या सँडल घालून, माझी पोर भर रस्त्यात अख्ख्या रिंगणाला हुकूम देत होती! असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

परत येताना गाडीत ती मागून म्हणाली, "बाबा, थँक यू."

मी आरशात पाहिलं. छाती फुगली. "अगं, थँक यू कशाबद्दल?"

"तू मधे येऊन हेल्प केली नाहीस ना, म्हणून."

खरं तर हे आभार त्या पोलिसाचे होते. पण मी ते मुकाट्याने ठेवून घेतले.