दयेचा तास आणि हललेला डोंगर

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. झाडं होती, ओढा होता, शाळासुद्धा होती. फक्त दया नव्हती. म्हणजे होती, पण वेळापत्रकात नव्हती.

मग वरून हुकूम आला, पोरांना दया शिकवा. शाळेच्या टिटवीबाई लगेच कामाला लागल्या. दर बुधवारी गणितानंतर दयेचा तास सुरू झाला. गणित लांबलं की दया बुडायची, पण ते असू द्या.

पुढं कळलं, धनेशसाहेब तपासणीला येणार. धनेश म्हणजे तो भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. त्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते, म्हणून त्याला साहेब केलेला. साहेब सगळ्या शाळांतली दया बघणार आणि पहिला नंबर काढणार होते.

बाईंनी एक नाटुकलं बसवलं. गुबऱ्या ससा डबा विसरतो. गुबऱ्या रडतो. मग प्रत्येक पोर उठून त्याला एकेक घास देतं. एवढंच. रडू यावं म्हणून गुबऱ्याच्या मुठीत रानकांदा दिलेला. त्याचा खरा डबा दप्तरात लपवलेला.

सगळं जमलं, पण काजळी काही जमेना. काजळी म्हणजे गव्याची पोर. अंगानं मोठी, मनानं त्याहून मोठी. गुबऱ्यानं नुसतं नाक ओढलं की ही धावत जायची आणि आपला सगळा डबा त्याच्यापुढं रिकामा करायची.

"अगं, त्याचा डबा दप्तरात आहे ना!" बाई ओरडायच्या.

"हो बाई. पण तो रडतोय ना!"

शेवटी बाईंनी तिला मागं उभं केलं. "तू डोंगर हो. डोंगर बोलत नाही. डोंगर हलत नाही. कळलं?"

"कळलं, बाई."

तिळू उंदीर सगळ्यात लहान. त्याला शेवटी टाळ्या वाजवायचं काम दिलं.

तपासणीच्या दिवशी बाईंनी पोरांना उजाडायच्या आत बोलावलं. तिळू काही न खाताच निघाला. ओढ्यावरच्या ओंडक्यावरून घाईनं येताना त्याचा पानात बांधलेला डबा पाण्यात पडला आणि वाहत गेला. आता उंदराचं पोट केवढं, बाळांनो! भरतं लवकर, पण रिकामंही तेवढ्याच लवकर होतं.

तिळू बाईंकडं गेला. "बाई, माझा डबा ओढ्यात पडला."

"आत्ता नको रे सांगूस हे!" बाई घाबरल्या. "आज गुबऱ्याचा डबा नाहीये. एका दिवशी दोघांचा कसा नसेल? साहेब गोंधळतील."

तिळू साळूकडं गेला. साळू म्हणजे साळिंदराची पोरगी, फार नीटनेटकी.

"साळू, एक घास दे ना."

"वेडा आहेस का? हा गुबऱ्याला द्यायचाय. कमी पडला तर बाई मलाच बोलतील."

"मग दुसरा दे."

"दुसरा रडला तर लागेल ना!"

तिळू जाऊन आपल्या जागेवर बसला. डोंगराच्या पायथ्याशी.

साहेब आले. चोच सांभाळत बसले. नाटुकलं सुरू झालं. गुबऱ्यानं कांदा हुंगला आणि भोकाड पसरलं. साळूनं घास दिला. वानरानं डोळे पुसले. खारीनं घास दिला. मोरानं दिला. हरणानं दिला. गुबऱ्याचं पोट तट्ट फुगलं. "पुरे रे," तो हळूच म्हणाला.

"गप बस. रड," साळू म्हणाली आणि वानराचाही घास त्याच्या तोंडात कोंबला.

इतक्या घासांचा वास येत होता. मागं तिळू मुसमुसायला लागला. आवाज नाही, नुसत्या मिशा थरथरत होत्या.

साहेबांचं लक्ष गेलं. "वा! तो मागचा उंदीर काय रडतोय! अगदी खरं वाटतंय."

"तयारी करून घेतलीय, साहेब," बाई लाजून म्हणाल्या.

आणि तेवढ्यात डोंगर हलला.

डोंगरानं खाली वाकून पाहिलं. "काय झालं रे?"

"भूक लागलीय."

"मग सांगायचं नाही का?"

"सकाळपासून तेच सांगतोय."

काजळीनं आपली गवताची पेंढी ओढली.

"मी गवत खात नाही," तिळू रडत म्हणाला.

"माहितीये. वर दाणे आहेत बघ. दाणे तू खा, काड्या मी खाते."

भर कार्यक्रमात डोंगर खाली बसला आणि काड्या चघळू लागला. तिळू इतका खाण्यात गढला की टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या.

बाईंनी एक पाय वर घेतला तो खाली ठेवायचं विसरल्या.

साहेबांनी शेरा लिहिला. "दया भरपूर. रडणे उत्तम. मात्र डोंगर जागेवर राहिला नाही व टाळ्या झाल्या नाहीत. सबब दुसरा नंबर."

साहेब उडून गेले. गुबऱ्या पोट धरून उठला. दप्तरातला डबा काढून त्यानं तिळूपुढं ठेवला. "घे बाबा. माझ्यात आता जागा नाही." मग साळू आली. तिनं दुसऱ्या रडणाऱ्यासाठी जपून ठेवलेला घास कुणी न रडताच देऊन टाकला.

"अरे, काय चाललंय हे?" बाई ओरडल्या. "दयेचा तास संपला! आता भूगोल!"

पण कुणी ऐकेना.

दुसऱ्या वर्षी बाईंनी पुन्हा नाटुकलं काढलं. "चला, कोण काय होणार?"

सगळा वर्ग एकदम उभा राहिला. अगदी तिळूसुद्धा, मिशा ताठ करून.

"बाई, मी डोंगर!"

तात्पर्य : बाळांनो, दया करावी, पण आपली पाळी आल्यावर करावी. आणि तुम्हाला कुणी डोंगर केलं, तर मुळीच हलू नये. हललात तर एखाद्याचं पोट भरतं आणि शाळेचा पहिला नंबर जातो.