कट कुठं गेला?

मुलांनो, डोळे मिटा आणि कोल्हापुरातलं एक स्वयंपाकघर समोर आणा. एका पातेल्यात तांबडा रस्सा, दुसऱ्यात पांढरा. तांबड्यावर बोटभर लालभडक तेल तरंगतंय. हाच तो कट. आता तिथं एक माणूस पळी घेऊन उभा आहे आणि तो कट काढून फेकायला निघाला आहे. उघडले ना डोळे? कोल्हापूरकर असाल तर उघडणारच.

तो माणूस म्हणजे तेजस्वीचे पप्पा, उदयसिंह. ते जिमला जाऊ लागल्यापासून घरात ‘चरबी’ हा शब्द शिवीसारखा झाला होता. तुपाचा डबा माळ्यावर गेला. अंड्यांचा पिवळा बलक गल्लीतल्या कुत्र्याला जाऊ लागला. कुत्रं पहिलवान झालं, पप्पा होते तसेच राहिले.

आज गारगोटीचे पिराजीराव मुलाला, राजवीरला, घेऊन आले होते. राजवीर तेजस्वीच्या क्रांतीआत्याला मनापासून आवडला होता. आता फक्त पिराजीरावांचा होकार बाकी होता आणि तो जेवणानंतर मिळायचा होता. आई साडी बदलायला गेली आणि पप्पा स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी पळीनं सगळा कट प्रोटीन पावडर घुसळायच्या बाटलीत, म्हणजे शेकरमध्ये, काढला आणि तो तेजस्वीपुढं धरला.

“धर गं हा शेकर. पावण्यांच्या पोटात हे विष जाऊ द्यायचं न्हाय.”

“पप्पा, बाई म्हणत हुत्या, मिरचीचा रंग आन् तिखटपणा तेलातच उतरतोय. कट गेला की चव बी गेली की! आन् आपल्या एकेका पेशीचं कुंपण चरबीचंच असतंय. ते नसलं तर आतलं सगळं भाईर सांडंल.”

“तुझ्या बाई कधी जिमला गेल्यात्या काय? जा, मोरीत ओतून ये.”

तेजस्वी मोरीपर्यंत गेली. शेकरमधून असा काही वास आला की तिचा हात पुढं होईना. तिनं शेकर गुपचूप पिठाच्या डब्यामागं ठेवला.

तोवर पप्पांनी उकळत्या पांढऱ्या रश्शात प्रोटीन पावडर ढकलली होती. आता, हे प्रोटीन म्हणजे नीट गुंडाळलेला दोरा. आच लागली की गुंडाळी सुटते आणि सुटलेले दोरे एकमेकांत अडकून बसतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तो असाच. रश्शातही गोळे झाले. पप्पांनी जोर लावून ढवळलं, तर गोळे वाढले. शिवाय पावडर व्हॅनिलाची होती.

पंगत बसली. पिराजीरावांनी पांढऱ्या रश्शाचा घोट घेतला आणि मिशीवरून हात फिरवला.

“वैनी, ह्यात आइस्क्रीम पडलंय काय?”

आईला काही कळेना. पिराजीरावांनी तांबड्याची वाटी पुढं ओढली, आत डोकावून बघितलं.

“कट कुठाय?”

आई वळून पप्पांकडं बघू लागली.

“बिनकटाचा रस्सा वाढला म्हंजे पावण्याला उठा म्हटल्यागतच झालं की! चल रे राजवीर.” त्यांनी टोपीला हात घातला. राजवीर जागचा हलला नाही, पण आत्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“आवो, तुम्ही काय केलासा?” आईनं विचारलं.

“मी... चांगल्यासाठीच की,” पप्पा पुटपुटले.

तेजस्वी उठली ती थेट पिठाच्या डब्याकडं. “काका, थांबा! कट हाय!”

तिनं एकेका वाटीत कट ओतला. पिराजीरावांनी घोट घेतला. कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं, चेहरा फुलला.

“हां! ह्येला म्हणत्यात रस्सा. सोयरीक पक्की! पण पोरी, काढलाच का हुता?”

“पप्पांनी चरबी सोडलीया. पण काका, पाणी सोडलं तर आपल्या मेंदूत निम्म्याहून जास्त चरबीच असती.”

आईनं सावकाश मान हलवली. “व्हय? मग ह्यांची चरबी पहिल्यांदा कुठनं उतरली, ते आत्ता कळलं.”

पंगत हसून लोळायची राहिली. आत्या तर पदर तोंडात कोंबून हसत होती. पप्पांनी मान खाली घातली. सगळ्यांच्या वाट्या लालभडक होत्या, त्यांची तेवढी फिकट. त्यांनी हळूच शेकरकडं बघितलं. मागायचं कसं?

तेजस्वीनं ते बघितलं. ती पप्पांजवळ गेली, शेकर त्यांच्या वाटीवर उलटा धरला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत त्याच्या बुडावर थापट्या मारत राहिली.