पाय पुढे

दोन हजार आठ सालची गोष्ट. जीव वाचवणारी इमारत काढावी तर आपणच, अशी गंधारची पक्की समजूत होती. पुण्याहून चेन्नईतल्या एग्मोरच्या ऑफिसात आलेल्या या आर्किटेक्टच्या एकट्याच्या हाती पहिल्यांदाच काम आलं होतं: एन्नोरपलीकडच्या कोळ्यांच्या वस्तीसाठी ॲम्ब्युलन्सचं ठाणं.

"दार दक्षिणेला ठेवलंय," तो भेटेल त्याला ऐकवायचा. "तिकडचा रस्ता कसा सरळ, मोकळा. दिवसभर कुणी फिरकत नाही. डोकं लागतं याला."

वस्तीतला आजारी माणूस इस्पितळात पोचेपर्यंत वाटेतच जायचा. ठाणं हवंच होतं. पण शेजारच्या गावालाही ते हवं होतं, आणि कुणाला द्यायचं ते जिल्ह्याचे साहेब आज प्रात्यक्षिक बघून ठरवणार होते. गंधारने वाळूत चुन्याने भिंती आखल्या, दार आखलं आणि रोगी म्हणून स्वतःच स्ट्रेचरवर आडवा झाला.

"तू बेशुद्ध आहेस पा," त्याचे वरिष्ठ सेतुमाधव म्हणाले. माणूस तंजावरचा, मराठीलाही तमिळ हेल. "गाडीपाशी मी हाक मारीन, तोवर डोळा उघडायचा नाही."

मग त्यांनी माइकवरून सगळा कार्यक्रम नीट समजावला. साहेबांसाठी, म्हणून इंग्रजीत. आणि साहेबांना आखलेल्या भिंतींच्या आत उभं करून ते दाराबाहेर गाडीकडे गेले.

वस्तीतल्या चौघांनी स्ट्रेचर उचललं. पाय पुढे, डोकं मागे, दक्षिणेकडे.

मग एका बाईचा बारीक सूर उठला. त्यात दुसरीचा मिसळला, तिसरीचा. गंधारला तमिळ बेताचंच यायचं, पण कुणाचं लेकरू, याच्या आईला कळवलं का, एवढं त्याला समजलं. बाया काम झकास करतायत, असं तो स्वतःला सांगत राहिला. तेवढ्यात गार बोटांनी त्याच्या पायांचे दोन्ही अंगठे जुळवून चिंधीने बांधले. कपाळावर नाणं टेकलं. ओठांवर तांदूळ पडले.

आता मात्र तो घाबरला. चादरीखाली त्याने स्वतःची नाडी चाचपली. सापडेना. आई आठवली, आणि तो ताडकन उठून बसला.

चौघांनी स्ट्रेचर दाराच्या आतच टाकलं आणि वस्ती किंचाळत पांगली. आत उभ्या साहेबांनी कपाळाला नाणं चिकटलेलं प्रेत उठताना पाहिलं आणि ते जागच्या जागी कोसळले.

अंगठे बांधणारी अलमेलू म्हातारी तेवढी हलली नव्हती. तिने हाका मारून चौघांना परत बोलावलं, गंधारला स्ट्रेचरवरून खाली लोटलं आणि साहेबांना त्यावर घालायला लावलं. मग डोकं पुढे करून, गंधारची उत्तरेची चुन्याची भिंत तुडवत, त्यांनी साहेबांना बाहेर काढलं आणि वळसा घालून गाडीत नेलं.

"दक्षिणेचा रस्ता मसणात जातो रे," धावत आलेले सेतुमाधव गंधारला हळूच म्हणाले. "म्हणून मोकळा."

साहेब इस्पितळात वेळेत पोचले, वाचले. ठाणं याच वस्तीला मिळालं, दार उत्तरेला. उद्घाटनाचं बोलावणं ऑफिसात सगळ्यांना आलं, गंधारला सोडून. तो रुसून सेतुमाधवांकडे गेला.

"तू नको येऊस पा," ते म्हणाले. "तिथे तुझं नाव काढलं की बायका अजून आंघोळ करून येतात."