गोपालच्या तोंडावरचा लाल्या

गुपित पोटात ठेवण्याच्या बाबतीत अख्ख्या मेहकर तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही! तीस वर्षं मी साप्ताहिकात लोकांची टिंगल करणारं सदर चालवलं, पण कोणाच्या घरातलं कधी बाहेर काढलं नाही. (लोक आपणहून आणून देत, तो भाग वेगळा.) त्यामुळे माझा पुतण्या गोपाल दाराची कडी लावून म्हणाला, "काका, एक गोष्ट सांगतो, पण कोणाले म्हणजे कोणालेच सांगायची नाई," तेव्हा मी छाती ठोकली.

"माझ्याकडे आलेली गोष्ट म्हणजे पोत्यात भरलेली सरकी. तोंड शिवून टाकलं! लेखणीची शपथ."

"लेखणीवर कोणाचा भरोसा हाय काका? चहाची घ्या."

चहाची घेतली. प्रकरण किती गंभीर होतं ते यावरून ओळखा.

प्रकरण पुटकुळ्यांचं होतं.

गोपाल चोवीस वर्षांचा. अंगानं सागाच्या खांबासारखा, पण तोंडावर अशी गर्दी की बीटी कपाशीच्या झाडालासुद्धा इतकी बोंडं धरत नाहीत! एरवी त्यानं ते मनावर घेतलं नसतं. पण त्या साली त्याच्या वावरातली कपाशी त्याच्या डोक्याच्या वर गेली, आणि बियाणं कंपनीचा साहेब मोटारसायकलवरून उतरून तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "नवरात्रात कॅमेरा घेऊन येतो. खामगाव रोडवर वीस फुटी बोर्ड लावू. एका बाजूला झाड, एका बाजूला तुम्ही!"

आता त्या वर्षांत शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळणं म्हणजे मे महिन्यात नाल्याला पूर येणं. पोरीच्या बापाला शिपाई चालायचा, पानठेलेवाला चालायचा, शेतीवाला म्हटला की त्याला एकदम एस्टीची वेळ आठवायची. गोपालला तीन ठिकाणांहून असेच बाप एस्टी पकडून गेले होते.

"काका, बोर्ड नाई तो, बायोडाटा हाय! वीस फुटाचा!" गोपाल म्हणाला. "दिवसभर पोरीचे बाप त्या रोडनं जातात. पण वीस फुटाच्या तोंडावर एकेक पुटकुळी टरबुजाएवढी दिसन ना!"

बोलणं बिनतोड होतं. आम्ही गुपचूप खामगावला कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर सज्जन. त्यांनी एक ट्यूब लिहून दिली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "मटाराच्या दाण्याएवढी घ्यायची. पूर्ण चेहऱ्याला मिळून तेवढीच. झोपताना, आणि सुरुवातीला दिवसाआड. उन्हापासून जपायचं. पहिले काही आठवडे चेहरा उलट जास्त खराब दिसेल, घाबरायचं नाही. फरक पडायला तीन महिने लागतात. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिनं या ट्यूबला हात लावायचा नाही."

"तीन महिने!" गोपालचा चेहरा पडला. नवरात्र महिन्यावर आलं होतं.

परतीच्या एस्टीत तो ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत होता. जानेफळ आलं तसा एकदम म्हणाला, "काका, हा कागदावरचा डोस हाय."

"म्हणजे?"

"औषधाच्या बाटलीवर पंधरा मिली लिहेल राह्यते. आपण किती मारतो? तीस! तवा कुठं अळी मान टाकते."

"अरे, अळी नाही ती, तुझं तोंड आहे!"

"तत्त्व एकच हाय."

त्या दिवसापासून गोपालनं तोंडावर फवारणी सुरू केली. दिवसाआड कुठलं, सकाळ-संध्याकाळ! मटाराचा दाणा कुठला, चांगलं लिंबाएवढं! वरून थोडी हळद, कारण शेतकरी एकटं औषध कधी मारत नाही, त्यात दुसरं काहीतरी मिसळल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

आठवड्याभरात गोपालच्या तोंडावर लाल्या आला.

कपाशीवाल्यांना लाल्या सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, बीटीचं हिरवंगार पान बघता बघता लालभडक होतं आणि वाळायला लागतं, त्याला आमच्याकडे लाल्या म्हणतात. गोपालचं हुबेहूब तेच झालं. तोंड लाल, सुजलेलं, ओल आलेल्या भिंतीसारखे पोपडे निघालेले, आणि डोळ्यांतून सारखं पाणी. मी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी जे बोलले ते छापण्यासारखं नाही, आणि मी काय काय छापलेलं आहे ते तुम्हाला माहीत आहे! नंतर म्हणाले, "क्रीम पंधरा दिवस बंद. साधं मलम लावा. आणि उन्हात पाऊल टाकायचं नाही!"

झालं. गोपाल घरात बसला. दिवसभर अंधाऱ्या खोलीत, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. दाढी बंद. कोणी हाक मारली तर मान फिरवायचा. दिवस बुडाला की एकटाच वावरात जायचा आणि एकटाच परत यायचा. आई-बाप त्याच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेलेले, घरात आम्ही दोघंच.

आता ते दिवस आठवा. कपाशीचा मुलूख. सकाळचं वर्तमानपत्र उघडायला हात धजायचा नाही, आज कोणत्या गावाचं नाव असेल म्हणून. अशा दिवसांत एक तरणाबांड शेतकरी अंधारात बसतो, रडक्या डोळ्यांनी फिरतो, कोणाशी बोलत नाही. गाव काय समजेल?

हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी गुपित सांभाळण्यात गुंग होतो!

पहिल्यांदा शेजारच्या मनकर्णाबाई आल्या. "काहो भाऊ, गोपाल काऊन दिसत नाई?"

"बरं नाही त्याला."

"काय होऊन राह्यलं?"

"ते सांगता येत नाही."

"ताप हाय?"

"ताप नाही."

"मंग पोट?"

"पोट ठणठणीत आहे."

"मंग रडते काऊन?"

"रडत नाही. डोळ्यांतून पाणी येतं."

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गावच्या कुत्र्यानंही माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "पण त्याची कपाशी तर उत्तम आहे!" मी सारवासारव केली.

"कपाशीचं काय घेऊन बसले भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वरून हिरवीच दिसते ते."

संध्याकाळी कृषी केंद्रवाल्या अकीलचा फोन. "भाऊ, गोपाल आया था दुकानपे. तोंडाले कपडा, डोळे लालभडक. म्हणे कडक औषध दे. मी बोललो, स्टॉक खतम है."

"अरे, पण तुझं दुकान तर भरलेलं आहे!"

"था. आता सब माळ्यावर चढवला. भाऊ, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. अख्ख्या तालुक्याले फोन करून ठेवले. त्याले कोणी एक बाटली देणार नाई!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडलो, "अकील, तसं काही नाही रे!"

"मंग कसं है?"

"ते... सांगता येत नाही."

"बस. समझ गया," अकील म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी धावत गोपालच्या खोलीत गेलो. "अरे, गाव भलतंच समजून राह्यलं! सांगू दे मला."

"चहाची शपथ हाय काका. पुटकुळ्याइसाठी डॉक्टरकडं गेलो होतो हे कळलं तं स्टँडवरचे पोट्टे मले जिंदगीभर लाली-पावडर म्हणतील!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. गोठ्यातल्या फवारणीच्या बाटल्या गेल्या. बादलीचा दोर गेला. मग विळा गेला, विळी गेली, माझं दाढीचं पातं गेलं. घरात टोकदार म्हणावी अशी एकच वस्तू उरली ती माझी लेखणी. ती बोथट आहे हे गावाला माहीत असावं. आणि वस्तू जितक्या बाहेर गेल्या तितके डबे आत यायला लागले! पुरणपोळ्या, ठेचा, भाकरी, अकीलच्या घरून शिरखुर्मा. तेलातुपानं गोपालच्या पुटकुळ्यांना नवा मोहोर आला.

शिवाय पहारा बसला. पहाऱ्याला मोतीराम. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बायको दोन वर्षांमागे वारली, मुलगा पुण्याकडे कंपनीत. घरी एकटाच. तो रोज दिवस बुडाला की यायचा, गोपालशेजारी बाजेवर बसायचा आणि तंबाखू मळत गप्पा करायचा. एकदा मी दाराआडून ऐकलं.

"होते बेटा असं," मोतीराम म्हणत होता. "लाजायचं काम नाई."

"तुमाले कळलं?" गोपाल दचकला.

"पूर्ण गावाले कळलं. पण कोणी हसत नाई तुले."

"कोणीच नाई?"

"हसण्यासारखं हाय काय त्याच्यात? मले बी झालं होतं मागच्या साली."

"तुमाले? या वयात?"

"याले वय नसते बे."

गोपालला धीर आला. "डॉक्टर म्हणे, पहिले वाढते, मंग कमी होते."

"खरं बोलला डॉक्टर. माझं लय वाढलं होतं."

"काय लावलं मंग तुम्ही?"

"काय लावतो? नुस्ता बसून राह्यत होतो अंधारात. कोणी आलं नाई." मोतीरामनं तंबाखूवर थाप मारली. "म्हणून मी येतो."

मला हसू आलं आणि हसू अर्ध्यावर अडकलं. गोपाल मात्र खूश! मला म्हणाला, "काका, मोतीरामभाऊले बी पुटकुळ्या होत्या!"

आणि अशात कंपनीची जीप आली. नवरात्र लागलं होतं! साहेबाचा पांढरा शर्ट, बगलेत फाईल. मनकर्णाबाई ओट्यावरच होत्या. फाईल दिसली तशा मुसळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. "वसुलीले आले काय रे? पोराच्या अंगाले हात लावून दाखवा!" मोतीराम धोतर खोचून त्यांच्या पुढे उभा राहिला. अकील दुकान उघडं टाकून पळत आला. बघता बघता अर्धं गाव अंगणात!

"अहो बाई, वसुली कसली? आम्ही गोपालरावांचा फोटो काढायला आलो!" साहेब म्हणाला.

आमच्या मुलखात त्या वर्षांत शेतकऱ्याच्या घरी फोटोवाले केव्हा यायचे, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"फोटो!" मनकर्णाबाई कडाडल्या. "पोरगा जित्ता हाय माझा! जित्ता हाय अन् तुम्ही फोटो काढाले आले? मुडदा बशिवला तुमचा!" मुसळ वर गेलं. साहेब जीपमागे. फोटोग्राफर जीपखाली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. गोपाल बाहेर आला, उन्हात आला, आणि त्यानं सगळ्यांसमोर दुपट्टा ओढून काढला.

"मावशे, मले काही झालं नाई! मले पुटकुळ्या झाल्या! क्रीम जास्त लावली म्हणून तोंड सोललं! बस!"

साऱ्या गावानं त्या तोंडाकडे पाहिलं. त्याला जास्त पुरावा लागत नव्हता.

मनकर्णाबाईंनी मुसळ खाली ठेवलं. गोपालच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, मग त्याला पोटाशी धरून मोठ्यानं रडायला लागल्या. "मुर्द्या, पुटकुळ्याइसाठी मी तुले पुरणपोळ्या चारून राह्यली होती!"

"अबे, पूरा दुकान माळ्यावर चढवला मी!" अकील डोळे पुसत हसत होता. "कंबर गई मेरी!"

मग सगळेच हसले. स्टँडवरचे पोट्टेही हसले, पण मघाचं मुसळ सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे लाली-पावडर हा शब्द कोणी उच्चारला नाही. मी मात्र कोपऱ्यात जाऊन नाक पुसलं. लेखक माणूस, तीस वर्षं या गावाला मी भांडखोर, चोंबडं, उखाळ्यापाखाळ्या काढणारं म्हणून रंगवलं. चोंबडं तर ते आहेच! चोंबडं नसतं तर गोपाल अंधारात बसला हे कोणाच्या लक्षात आलं असतं? देवा, असा चोंबडेपणा प्रत्येक गावाला दे.

फोटोग्राफरनं जीपखालून निघून गोपालचं तोंड जवळून पाहिलं आणि साहेबाच्या कानात काहीतरी सांगितलं. "उत्तम कल्पना!" साहेब म्हणाला. "गोपालराव, तुम्ही पाठमोरे उभे राहा. शेतकरी आपल्या पिकाकडे बघतोय!"

अशा रीतीनं खामगाव रोडवर माझ्या पुतण्याची वीस फुटी पाठ लागली.

गोपाल आठ दिवस जेवला नाही नीट. पण तीन महिन्यांत, मटाराच्या दाण्याएवढ्या डोसानं, त्याचं तोंड घासलेल्या ताटासारखं झालं. आणि एक दिवस देऊळघाटचे एक गृहस्थ विचारत विचारत आले. म्हणाले, "बोर्डावर पाठ पाहिली. मेहनती वाटली. आता समोरून दाखवा." समोरून दाखवला. त्या दिवशी त्यांना एस्टीची वेळ आठवली नाही. लग्न पक्कं झालं!

पण एक राहिलं. त्या दिवशी अंगण हसत होतं तेव्हा एक मोतीराम तेवढा हसला नव्हता. आपली तंबाखूची चंची उचलून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, मंग आता उद्यापासून यायचं काम नाई?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग शपथेवर सांगितलं, "वेडा आहेस का? डॉक्टरनं तीन महिने लक्ष ठेवायला सांगितलंय! संध्याकाळी कोणीतरी जवळ बसलंच पाहिजे."

"असं कवा बोलले डॉक्टर?" गोपालनं विचारलं. मी त्याचा पाय तुडवला.

मोतीराम तीन महिने रोज आला. मग गोपालचं तोंड साफ झालं, लग्न ठरलं, आणि मोतीराम पुन्हा चंची उचलायला लागला. मी त्याच आठवड्यात खामगाव गाठलं. माझ्या नाकावर, देवाची कृपा, खरोखरच एक पुटकुळी आली होती. डॉक्टर म्हणाले, "या वयात एका पुटकुळीसाठी क्रीम?" मी खरं कारण सांगितलं. त्यांनी सौम्यातली ट्यूब लिहून दिली आणि दिवसाआड म्हणून दोनदा बजावलं.

तर सध्या असं आहे. मोतीराम रोज दिवस बुडाल्यावर येतो, चहा घेतो, कंदिलासारखा मोबाइल धरून माझं नाक बारकाईनं तपासतो आणि म्हणतो, "अजून लय दिवस लागतील भाऊ."

लागू देत. पुटकुळी केव्हाच गेली. आता नाक सोलतंय!