'माहेर' सापडेना

"खरी निरीक्षणशक्ती जगात दोघांनाच मिळाली. एक मी. दुसरा कोण, याचा तपास चालू आहे," असं भिंगराव दर सोमवारी सांगत. पगार त्यांना ऑफिसचा सर्व्हर सांभाळण्याचा मिळे. पण कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधणाऱ्या या गृहस्थांनी गुप्तहेरगिरी आपणहून अंगावर घेतली होती. त्यांच्या मागेमागे फिरणाऱ्या टेस्टरला सगळे 'शेपूट' म्हणत. शेपटाला नावाचं दुःख नव्हतं; दुःख होतं ते पुढच्या डोक्याचं.

त्या दुपारी नवी मुलगी रडकुंडीला आली होती. तिचं काम तयार होतं. पाचच्या आत ते सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या कोडमध्ये जमा व्हायला हवं होतं. मग मॅनेजरबाई ठरवणार, हिला कायम करायचं की निरोप द्यायचा. आणि तिचा कॉम्प्युटर एकच पालुपद आळवत होता : 'माहेर' नावाचा सर्व्हर सापडत नाही.

"मार्गदर्शिका वाचलीत?" भिंगरावांनी विचारलं.

"ओळ न् ओळ."

'एसएसएचने सर्व्हरला कसे जोडावे' ही मार्गदर्शिका भिंगरावांच्याच हातची; एसएसएच म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरमध्ये शिरायचा कुलूपबंद रस्ता. सगळ्या ऑफिसाने तिची वाहवा केली होती. शेपटानेही केली होती, न वाचता.

"म्हणजे घातपात!" भिंगराव टेबलाखाली शिरले आणि वायर धरून रांगत रांगत निघाले, ते थेट चहाच्या किटलीपाशी उगवले.

"किटलीचा काय संबंध?" शेपटाने विचारलं.

"सध्या ती संशयित आहे." गुडघे झटकत ते नवीकडे वळले. "बाकी सगळ्यांना सर्व्हर आत घेतो, तुम्हालाच नाही. ताई, माहेरी शेवटच्या कधी गेला होतात?"

"माझं लग्नच नाही झालेलं. आईबाबांकडेच राहते मी."

"माहेरात राहून माहेर सापडत नाही! शेपट्या, प्रकरण खोल आहे."

साडेचार झाले. नवीने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"आज उशीर होणार," भिंगराव म्हणाले. "शेपट्या, तुझा फोन दे. माझा मान टाकून बसलाय. आईला कळवतो." त्यांनी 'आई' शोधलं, दाबलं आणि आवाज एकदम मऊ झाला. "आई, जेवायला थांबू नकोस हं. गोळी घेतलीस का?"

पलीकडून खणखणीत आवाज आला, तो नवीलाही ऐकू गेला. "कोण रे बाबा तू? माझा मुलगा गोळीचं कधी विचारत नाही."

शेपूट कानापर्यंत लाल झालं. भिंगराव पांढरे पडले. "दुष्टांनी माझी आईसुद्धा बदलली!"

"अरे वेड्या, फोन माझ्या लेकाचा. त्यात 'आई' म्हणजे मीच असणार. तुझी आई तुझ्या फोनात!"

नवीने मान वर केली. "सर, 'माहेर' हे नाव कुणाच्या कॉम्प्युटरमधलं?"

"माझ्या. लाडाने ठेवलंय. कॉन्फिग फाइल म्हणजे कॉम्प्युटरची पत्त्यांची वही. तिच्यात एकदा लिहून ठेवलं की झालं. रोज लांबलचक पत्ता कोण टाइप करणार?"

"ते मार्गदर्शिकेत कुठे लिहिलंय?"

"त्यात लिहायचं काय? सगळ्यांना माहीत आहे!"

सगळ्यांना माहीत नव्हतं, हे शेपटाला आता आठवलं. प्रत्येकाच्या खुर्चीत बसून त्याच्या फाइलमध्ये भिंगरावांनी स्वतःच्या हाताने 'माहेर' वसवलं होतं. नवी आली त्या आठवड्यात ते रजेवर होते. तेव्हा मार्गदर्शिकेवर विसंबलेली ही पहिलीच.

"मग सर्व्हरचा खरा पत्ता सांगा."

तो काही भिंगरावांना पाठ नव्हता. शेवटी त्यांच्याच कॉम्प्युटरमधली फाइल उघडावी लागली. 'होस्ट माहेर', खाली पत्ता. नवीने ते आपल्या फाइलमध्ये उतरवलं, खाली स्वतःचं युजरनेम आणि सर्व्हरला ओळख पटवणारी स्वतःची किल्ली घातली. एंटर. काम भुर्रकन पोचलं.

पाचला मॅनेजरबाईंनी ते पाहिलं, 'माहेर'ची कथाही ऐकली. "कायम," त्या नवीला म्हणाल्या. "उद्या पहिलं काम, ती मार्गदर्शिका नव्याने लिही."

किटलीची निर्दोष सुटका झाली. शेपटाने फोन पुढे केला. "आता तरी आईंना कळवा. नंबर सांगा, लावतो."

भिंगरावांनी खिशातून स्वतःचा मान टाकलेला फोन काढला आणि उलटासुलटा करून पाहिला.

इतक्यात शेपटाच्या हातातला फोन वाजला. शेपटाची आई. "त्या मघाच्या लेकराचा लागला का फोन?"

"नाही गं. त्यांना नंबर आठवत नाही."

"मग सरळ घरी जा म्हणावं. घराचा पत्ता तरी पाठ आहे ना?"

भिंगराव ताठ मानेने उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"शेपट्या," ते हळूच म्हणाले, "माझं घर तू पाहिलंयस ना? तू चल बरोबर. आणि जाताना तुझ्या आईला विचार, गोळी घेतली का ते."