व्हर्लिन उनरू यांच्या क्रूझ कंट्रोलचे निदान

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, क्रेनव्हिलच्या पूर्वेला, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर व्हर्लिन उनरू यांची गाडी ताशी पासष्ट मैलांवरून आपोआप पस्तिसावर आली. मागच्या धान्याच्या ट्रकने हॉर्न वाजवला. जीवितहानी नाही. मात्र पश्चिम कॅन्ससमध्ये हॉर्न गुरांसाठी राखीव असल्यामुळे ही बातमी दुपारच्या आत कॅन्सस सिटीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीपर्यंत, जोलीनपर्यंत, पोहोचली.

यंत्र बिघडलं की ते दुरुस्त करायचं आणि माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडची चावी काढून घ्यायची, ही प्रगत समाजाची खूण आहे. अडचण एवढीच, की बिघाड दोघांपैकी कुणात आहे हे आधी ठरवावं लागतं. जोलीनने फोनवर पर्याय स्वच्छ मांडले.

"डॅड, गाडीत दोष निघाला तर गाडी दुरुस्त करू. नाही निघाला तर चावी माझ्याकडे."

व्हर्लिन एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचं सर्वांत जवळचं शेजारघर तीन मैलांवर आणि कॉफी अकरा मैलांवर आहे. त्यामुळे त्यांची गाडी सदोष निघावी अशी साऱ्या गावाची मनापासून इच्छा होती.

क्रूझ कंट्रोल ही आमच्याकडे चैन नाही. रस्ता क्षितिजापर्यंत वळत नाही आणि व्हर्लिन यांचा उजवा गुडघा वळायला तयार नाही. बटण दाबलं की गाडी वेग धरून ठेवते, पाय मोकळा होतो. ब्रेकला पाय लागला किंवा 'रद्द'चं बटण दाबलं की ती वेग सोडते. यातलं काहीही न करता सोडत असेल, तर कुठलीतरी वायर खोटं बोलत असणार.

पहिलं निदान धान्य सहकारी संस्थेच्या कॉफीच्या टेबलावर झालं. उपस्थित सहा, निदानं नऊ (फ्यूज ३, वायर कुरतडणारे उंदीर २, सरकार ४).

दुसरं डॅरेल कूपच्या गॅरेजमध्ये. डॅरेलने गाडीला कॉम्प्युटर जोडला.

"हा म्हणतो सगळं ठीक आहे."

"त्याला काय जातंय म्हणायला?" व्हर्लिन म्हणाले. "त्याची चावी कोण काढून घेतंय?"

डॅरेलने तरीही ब्रेकचा स्विच बदलला आणि गाडी हायवेवर पिटाळून आणली. वेग मैलोन् मैल हलला नाही. व्हर्लिन यांचा चेहरा पडला.

तिसरं निदान त्याच टेबलावरचे व्हर्लिन यांचे जुने मित्र लाइल रेम्पल यांनी शेजारच्या सीटवर बसून केलं. "लेका," ते म्हणाले, "समोरून कुणी आलं की तुझी गाडी मरगळते."

इथे सौजन्याचा प्रश्न येतो. आमच्या काउंटीत समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यावी लागते. (अख्खा हात निवडणुकीचे उमेदवार उचलतात.) हायवेवर मध्ये दुभाजक असल्यामुळे सौजन्य लागू होत नाही, म्हणून तिथे दोष दिसला नाही. व्हर्लिन बोट उचलतात तेव्हा तळव्याचा भार स्टिअरिंगवरच्या क्रूझच्या बटणांच्या पट्टीवर पडतो, आणि तिच्या आतली वायर चौदा वर्षांच्या सौजन्याने झिजून उघडी पडली असावी, असं लाइल यांचं मत. वायर टेकली की गाडीला वाटतं मालकानेच 'रद्द' दाबलं. कॉम्प्युटर यावर गप्प राहतो, कारण मालकाचं ऐकणं हा त्याच्या लेखी दोष नाही.

डॅरेलने गावाबाहेरच्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर जाऊन पाहिलं. काही झालं नाही. पण डॅरेल दुकानदार असल्यामुळे चार बोटं उचलतो.

"मग तू एक उचल ना!" व्हर्लिन ओरडले.

"गिऱ्हाइकाला एकच बोट? उद्यापासून गॅरेजला कुलूप लावू का?"

शेवटी शास्त्रीय मार्ग निघाला. गुरुवारी व्हर्लिन दिवसभर बोट न उचलता हिंडले. गाडी एकदाही मंदावली नाही. निदान सिद्ध झालं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात चीज घालून भाजलेल्या नूडल्सची दोन भांडी आली (हा पदार्थ आमच्याकडे आजारपण किंवा मृत्यू असेल तरच नेतात), पाठोपाठ पाद्री आले, आणि जोलीनला तीन फोन गेले.

शुक्रवारी ती हजर झाली.

"डॅड, अर्डिसकाकूंचा फोन होता. तुम्ही त्यांना ओळखलं नाही म्हणे."

"ओळखलं की. बोट उचललं नाही."

"का?"

"वायरसाठी."

जोलीनने चावीसाठी हात पुढे केला. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

तिला शहरात राहून वीस वर्षं झाली. (तिथेही गाडीतून बोट उचलतात. ते बोट वेगळं.) गावाबाहेर पडल्यावर तिने क्रूझ लावलं आणि पाय मागे घेतला. दूरवर एक ट्रक दिसला. तो जवळ आला आणि जोलीनचं बोट, तिला न विचारता, वर गेलं.

गाडी पस्तिसावर आली.

"बघितलंस?" व्हर्लिन सीटवरून उडालेच.

"काय?" म्हणत जोलीनने अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

पुढच्या पिकअपला तेच. त्याच्या पुढच्या ट्रॅक्टरलाही तेच. मग तिने क्रूझ लावणंच बंद केलं आणि उरलेला रस्ता पेडलवर पाय ठेवून काढला.

रविवारी दुपारी हाती आलेल्या माहितीनुसार चावी जोलीनच्या पर्समध्ये आणि पर्स तिच्या मांडीवर आहे. नवी वायर अद्याप मागवलेली नाही, कारण दोष कुणात आहे याचा निर्णय कुटुंबाकडे प्रलंबित आहे. डॅरेलने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा जोलीनने "बघू" म्हटलं.

दरम्यान, ज्या वाचकांनी आपल्या वडिलांची चावी यापूर्वीच काढून घेतली आहे, त्यांनी सवडीने एकदा गाडीही तपासून घ्यावी.